समताच्या कांजिण्या

समताला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, एवढंच डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि इंद्रभान सदरा अर्धा काढलेल्या अवस्थेत तसाच बसून राहिला. एक बाही हातात, दुसरी अंगात. प्रश्न त्याच्या दुखण्याचा नव्हता. दुखण्याबद्दल त्या सगळं सांगून मोकळ्या झाल्या होत्या. हिला नागीण म्हणतात, पण साप वगैरे काही नाही, दोन टोकं जुळली की माणूस जातो हे तर अजिबातच नाही. तुम्हाला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असणार; तुम्ही बरे झालात, पण तो विषाणू अंगातून गेला नाही, पाठीच्या कण्याजवळ एका नसेच्या मुळाशी झोपून राहिला; आता वय झालं, ताकद कमी पडली, तसा तो उठला आणि त्याच नसेच्या वाटेनं बाहेर आला. गोळ्या देते, चुकवू नका, फोड झाकून ठेवा, नीट जेवा. मग लिहिता लिहिता, मान वर न करता, त्यांनी विचारलं, "घरात लहान मूल किंवा गरोदर बाई आहे का कोणी?" त्यानं कौतुकानं सांगितलं, मुलगी आली आहे बाळंतपणाला, आठवा चालू आहे. पेन थांबलं. या फोडांना तिचा हात लागला का? लागला होता. कालच. शेजारच्या सिंधूताईंनी दारातूनच बघून नागीण आहे म्हणून सांगितलं, गेरू उगाळून लावा म्हणाल्या, आणि समतानं स्वतःच्या बोटांनी, फुंकर घालत घालत, कण्यापासून बेंबीपर्यंत गेरू लावला होता. लावताना काही फोड फुटलेही होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिला कांजिण्या होऊन गेलेल्या असतील तर काळजीचं कारण नाही. नसतील तर तिला आता होऊ शकतात, आणि या दिवसांत त्या होणं बाळासाठी बरं नाही. तिचं रक्त तपासू, नमुना बाहेरगावी जातो, थोडे दिवस लागतील. संरक्षण नसेल तर एक इंजेक्शन आहे, पण ते वेळेत द्यावं लागतं आणि इथं मिळत नाही, मागवावं लागेल. "तुम्हाला नक्की आठवत असेल तर यातलं काहीच करायला नको," त्या म्हणाल्या. "झाल्या होत्या का?"

"घरी विचारून सांगतो," इंद्रभान म्हणाला, आणि बाहेर येऊन रिक्षात बसेपर्यंत त्याच्या ध्यानात आलं नाही की घरी विचारायला कोणी नाही. अशा गोष्टी त्याच्या बायकोला, जनकाला, ठाऊक असायच्या. जनका आरोग्यसेविका होती. मोताळ्याकडच्या खेड्यांतल्या कोणत्या लेकराला कधी गोवर निघाला, कोणाची कोणती लस चुकली, हे तिला तोंडपाठ असे, मग स्वतःच्या दोघांचं तर विचारायलाच नको. ती गेल्यापासून घरातल्या पुष्कळ गोष्टी तिच्याबरोबरच गेल्या आहेत हे त्याला अधूनमधून कळत राही. कोणत्या डब्यात काय, कोणत्या पाहुण्याला कोणत्या नावानं हाक मारायची. पण त्यावाचून कधी अडलं नव्हतं. आज अडलं. आई नसलेल्या घरी पहिलं बाळंतपण कसं करणार, असं समताच्या सासरी सगळेच म्हणाले होते. सिंधूताईसुद्धा म्हणाल्या होत्या, "भाऊ, हे बायामाणसाचं काम हाये." पण पोरं लहान असताना जनका खेड्यापाड्यांत फिरतीवर असे, आणि शेतमोजणीचं काम लवकर आटोपून घरी येणारा इंद्रभानच चूल सांभाळी. पोरं त्याच्या हातचं खाऊन वाढली होती. माहेर म्हणजे शेवटी काय, तर जेवायला कोण वाढतं ते, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते त्यानं व्याह्यांना पटवलंही होतं. खारीक-खोबरं कुटून ठेवलं होतं, हळीव निवडून बरणीत भरले होते, डिंक आणून ठेवला होता. आणि एवढ्या हट्टानं बोलावलेल्या लेकीला त्यानं दिलं काय, तर हे. सर्क्युलर रोडवरच्या एका खड्ड्यातून रिक्षा गेली, बनियनचा काठ फोडांना घासला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला वाटलं, बरं झालं.

"काय म्हणल्या डॉक्टर?" समतानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"तिकडंच थांब. जवळ येऊ नको."

"बाबा, नागिणीनं माणूस मरत नाही. मी मोबाईलवर पाह्यलं."

"माह्यं नाही सांगून राह्यलो. तुह्यं सांगून राह्यलो."

त्यानं दारात उभं राहून सगळं सांगितलं. समता एका कॉलेजात शिकवते. विद्यार्थ्यानं चुकीचं उत्तर दिल्यावर ती जशी न रागावता थांबते तशी थांबली. मग पोटावरचा हात न काढता म्हणाली, "मले तर काहीच आठवत नाही. आठवायले पाहिजे ना मले?" दुपारी ती एकटीच जाऊन रक्त देऊन आली. घराच्या दोन वाटण्या झाल्या. पुढची खोली त्याची, मागची आणि स्वयंपाकघर तिचं. मधल्या दारात एक स्टूल ठेवलं, त्यावर जे काय द्यायचं-घ्यायचं ते.

दुखत होतं. नाही असं नाही. खिडकीतला वारा लागला तरी कातडीवरून कोणी तापलेला तवा फिरवतंय असं वाटे, आणि मध्येच आतून एक कळ अशी यायची की बोलता बोलता शब्द अर्धा राही. तरी पहिल्या दिवशी आरशासमोर उघडा उभा राहून तो जे बघत होता त्यानं त्याला दुखणं विसरायला लावलं. उभा जन्म त्याचा शेतांच्या मोजणीत गेला होता. आधी साखळीनं, मग टेबल लावून, शेवटी शेवटी त्या नव्या यंत्रानं, पण काम एकच: ही हद्द कुठून कुठे जाते ते शोधायचं आणि खूण रोवायची. आणि हद्द कधी कुठे नीट असलेली त्याला आठवत नव्हती. सख्खे भाऊ दरवर्षी नांगराच्या एका चराएवढा बांध सरकवत. इथं मात्र कण्याच्या बरोबर मधून सुरुवात होती, उजव्या कुशीवरून वळसा होता, आणि पोटावर बेंबीच्या रेषेत येऊन सगळं थांबलं होतं. लाल, फोडांनी भरलेलं, आणि त्याच्यापुढे लगेच स्वच्छ कातडी. सुताएवढंसुद्धा कोणी पलीकडे गेलं नव्हतं. ना बांध, ना दगड, ना पंच. त्यानं डावीकडून एक बोट हळूहळू उजवीकडे सरकवत नेलं. काही नाही, काही नाही, काही नाही, आणि मग एकाएकी आग. बोट पुन्हा मागे घेतलं. पुन्हा पुढे. नेमकी कुठे सुरू होते हे शोधण्यात त्याचा चांगला वेळ गेला, आणि खोलीच्या पलीकडून समतानं, "बाबा, काय करून राह्यले?" विचारलं तेव्हा तो पकडलेल्या पोरासारखा ओशाळला. आपल्याच अंगाचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याला ओळखत नाही, याचं त्याला भय वाटायला हवं होतं. वाटली ती मौज. डॉक्टरीणबाईंना फोन करून त्यानं हे विचारलंही. त्या हसल्या, आणि म्हणाल्या की प्रत्येक नसेचा कातडीवरचा पट्टा ठरलेला असतो, डाव्या अंगाच्या नसा वेगळ्या, उजव्याच्या वेगळ्या. म्हणजे सगळी मोजणी जन्माआधीच झालेली. हे कोणी आपल्याला नोकरीत असताना का सांगितलं नाही, असं काहीतरी त्याच्या मनात आलं.

पण मग त्या पट्ट्याच्या मुळाशी जे झोपून राहिलं होतं त्याचा विचार येई. ते आपल्या अंगात केव्हा शिरलं? स्वतःच्या कांजिण्या त्याला आठवत नव्हत्या. तो डोळे मिटून पडायचा आणि गावातल्या त्या कुडाच्या घरात शिरायचा. कडुलिंबाचा पाला अंगाखाली टोचायचा एवढं आठवे. बाप दारात उभा राहून म्हणायचा, "देवी नाही अन् माता नाही, रोग हाये तो. घरात कोणी हात जोडाचे नाही." बापानं घरातले देव नदीत सोडलेले होते आणि त्यावर तो ठाम होता. आई काही बोलायची नाही, पण तिनं घरात फोडणी द्यायचं बंद केलेलं असायचं. त्यावरून बाप तिला विचारी, हे काय आता? आणि आई म्हणे, "मोहरीचा धूर लेकराले झोंबते. त्यात देव कुठी आला?" हे आठवलं आणि इंद्रभानला आईचं कौतुक वाटलं, आणि त्याबरोबरच हेही लक्षात आलं की ज्या लेकराला धूर झोंबत होता ते आपण होतो की धाकटा भाऊ, हे त्याला सांगता येत नाही. पाला आपल्या पाठीला टोचला की आपण भावाच्या अंथरुणावर लोळलो म्हणून टोचला? आयुष्यभर तो लोकांना सांगत आला होता की म्हाताऱ्यांच्या आठवणीवर हद्द ठरत नाही. म्हातारे खोटं बोलत नाहीत, पण त्यांच्या हद्दीवरची बाभूळ दरवर्षी थोडी सरकते. आता तो स्वतः त्या म्हाताऱ्यांत बसला होता.

समताच्या कांजिण्यांकडे तो स्वयंपाकाच्या वाटेनं गेला, कारण त्याला दुसरी वाट माहीत नव्हती. पोरं कोणत्या वर्गात कधी होती हे त्याला सांगता आलं नसतं, पण कोणत्या आजारात कोणी काय खाल्लं हे त्याच्या हातांना ठाऊक होतं. थोरल्या संघपालला काविळीत उसाचा रस. समताला गालफुगीत पातळ पेज, ती पण हट्टानं ताटलीत. आणि मग, हो, एकदा या घरातही फोडणी बंद होती. सिंधूताई अशाच दारात उभ्या होत्या, डोक्यावर पदर, म्हणत होत्या, "भाऊ, घरात माता आली, कढई चढवू नका." आणि जनका आतून म्हणाली होती, "ताई, माता नाही, कांजिण्या आहेत," आणि तरी फोडणी दिली नव्हती, कारण सिंधूताईंना दुखवायचं नव्हतं. बिनफोडणीचं वरण. तो ते रवीनं घुसळतोय. त्याला भांडंसुद्धा दिसत होतं, लहान पातेली. लहान पातेली का? दोन पोरांचं वरण त्या पातेलीत मावत नसे.

त्यानं पुण्याला संघपालला फोन लावला. संघपाल ऑफिसात होता, म्हणून आधी पुण्याच्या भाषेत बोलला. "हो, मला झाल्या होत्या ना, तिसरीत. समताला? नाही बाबा, तिला तर तुम्ही मामीकडे नेऊन ठेवलं होतं, जळगाव जामोदला." मग आपोआप त्याची बोली सुटली. "मले चांगलं आठवते. मी लय रडलो होतो. तिले मोटारीनं फिराले नेलं अन् मले घरात डांबलं म्हून. काऊन, काय झालं?" इंद्रभाननं काही झालं नाही म्हणून सांगितलं.

आता सगळं उलगडत गेलं आणि उलगडायला नको होतं. त्यानंच नेलं होतं तिला. राजूर घाट उतरून खाली मलकापूरची मोटार, मग दुसरी, आणि जळगाव जामोद आलं तेव्हा समोर सातपुडा निळा दिसत होता. पोरगी खिडकीशी बसलेली, चार-पाच वर्षांची. भाऊ बरा होईपर्यंत हिला लांब ठेवू, असं जनकानं ठरवलं होतं. तिचा भाऊ, म्हणजे मुलांचा मामा, तेव्हा होता. त्याची बायको भिमाबाई. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. भिमाबाईंनी दारातच पोरीला उचलून घेतलं होतं आणि चहा व्हायच्या आधीच तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला होता. आता दोघंही नव्हती. भिमाबाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. मागच्या वर्षी हे झालं असतं तर एक फोन पुरला असता. म्हणजे समताला कांजिण्या झाल्या नव्हत्या. लांब ठेवली म्हणून वाचली, आणि वाचली म्हणून आता धोक्यात. एवढी सरळ रेघ त्यानं स्वतःच आखली होती, मोटारीचं तिकीट काढून.

समताला हे सांगितलं तेव्हा ती स्टुलापलीकडे जमिनीवर पाय पसरून तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "मामीकडचं मले नका सांगू," ती म्हणाली. "मले नाही आवडत ते आठवायले." का ते त्यानं विचारलं नाही. तिचं आणि भिमाबाईंचं कधीच जमलं नव्हतं, एवढं त्याला माहीत होतं. काहींचं नाही जमत.

त्यानंतरच्या दिवसांत त्यानं जे केलं ते त्याला स्वतःलाही विचित्र वाटलं. दुपारी औषधाची गुंगी असे, खिडकीतून थंडीतलं ऊन पायांवर येई, आणि तो पुन्हा पुन्हा त्या मोटारीत जाऊन बसे. खिडकीशी पोरगी. तिचा हात त्याच्या हातात. हात गरम होता का? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की लागण झाल्यावर अंगावर फोड यायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे जातानाच ती घेऊन गेली असेल तर? तर हात थोडा गरम असायला हवा, असं त्यानं मनाशी धरलं. पहिल्यांदा आठवला तेव्हा हात नुसता लहान होता. दुसऱ्यांदा त्यात थोडी ऊब होती, उन्हाची असेल. नंतर एकदा तो चांगला तापलेला लागला, पोरीनं डोकं त्याच्या दंडावर टेकलं, डोळे चुरचुरतात म्हणाली, आणि तो अंथरुणात उठून बसला. हे आपण करतोय. हे आठवत नाही, हे आपण तयार करतोय. त्याला अशी माणसं भेटली होती, आधी सोयीच्या जागी दगड पुरणारी आणि मग तिथूनच मोजा म्हणून हात जोडणारी. फोन हाताशी होता. डॉक्टरीणबाईंना नुसतं म्हणायचं होतं, आठवलं, झाल्या होत्या. इंजेक्शन नको, वाट बघणं नको, लेकीशी दारातून बोलणं नको. आणि आठवण खोटी निघाली तर? त्यानं फोन उशीखाली ठेवला. रागही आला, कोणावर ते कळत नव्हतं. जनकावर असावा, सगळं ठाऊक असून गेल्याबद्दल.

आणि तो खात नव्हता. सिंधूताई रोज मुगाची खिचडी आणून देत, बिनफोडणीची, मिठाचं नुसतं नाव. नागिणीला अंडं चालत नाही, वांगं चालत नाही, शेंगदाणा, दही, आंबट, तिखट काही चालत नाही. काय चालतं हे विचारायची सोय नव्हती. "भाऊ, पथ्य सांभाळा, नाहीतर आग वाढते," त्या म्हणत, आणि त्या मायेनं आणत म्हणून तो दोन घास गिळत असे. पण खरं कारण ते नव्हतं. दोन दिवसांनी त्याला कळलं की आपण मुद्दाम उपाशी राहतोय. आपण इतकं सोसलं तर तिचं नीट होईल, असा काहीतरी सौदा त्यानं मनातल्या मनात कोणाशी तरी केला होता. कोणाशी? ज्या घरात हात जोडायचे नाहीत असं बापानं सांगितलं होतं त्या घरातला पोरगा तो. खिचडीच्या ताटलीसमोर बसून त्याला हसू आलं आणि हसल्याबरोबर बरगडीखाली कळ आली. त्याच दिवशी न्हाणीघरातून येताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो भिंतीला धरून खाली बसला. समतानं पलीकडून बघितलं. ती जवळ येऊ शकत नव्हती. दोघांमध्ये ते स्टूल, आणि ती स्टुलाला दोन्ही हातांनी धरून उभी. तिच्या चेहऱ्याकडे बघून इंद्रभानला आपली लाज वाटली.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या भेटीत चांगल्याच रागावल्या. "तुम्ही उपाशी राहिलात म्हणून नागीण जाणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही जाल. तुमची ताकद कमी पडली म्हणून तर ती उठली, आणि तुम्ही आहे ती ताकदही घालवताय." डाळ खा, अंडं खा, पालेभाजी, दही, पेरू, संत्रं, जे मिळतं ते खा, पाणी प्या, दुपारी झोपा. तेलकट-तळलेलं पचत नसेल तर नको, बाकी पथ्य काही नाही. हे त्यांनी समतालाही फोनवर सांगितलं असावं, कारण तो घरी पोचला तेव्हा रस्त्यावरच त्याला लसणाचा वास आला. मग मोहरी तडतडलेली ऐकू आली. इतके दिवस तोंडाला गोळ्यांची कडू चव होती आणि जिभेला कशाची आठवण नव्हती. आता पोटात काहीतरी हललं, तोंडाला पाणी सुटलं, आणि दाराशी चप्पल काढता काढता त्याला जाणवलं की भूक काही अर्ध्या अंगाला लागलेली नाही, ती सगळीकडे आहे. स्टुलावर तुरीच्या सोल्यांची भाजी होती, हिरवीगार, वर तेलाची कड. ज्वारीची गरम भाकरी, उकडलेलं अंडं, वाटीभर दही.

"सिंधूताई काय म्हणतीन?" तो म्हणाला.

"त्याईलेबी देली वाटीभर. काय म्हणल्या नाही, वास घेत घेत घेऊन गेल्या." समता भिंतीशी पाटावर बसली होती. "जेवा आता. तुम्ही जेवले नाही तं मी बी जेवणार नाही, अन् मंग तिघं उपाशी."

तो जेवला. भाकरीचा पापुद्रा बोटांना चटके देत होता आणि हा चटका चांगला होता. त्यानं दुसरी भाकरी मागितली. समता बघत होती, त्याच्याकडे नव्हे, त्याच्या ताटाकडे, जसं तो इतकी वर्षं त्यांच्या ताटांकडे बघत आला होता. बरं होणं म्हणजे काय हे त्यानं दोन पोरांत पुष्कळदा बघितलं होतं. ताप उतरतो ते नव्हे, पोरगं पुन्हा मागतं ते. त्या संध्याकाळी फोडांवर खपली धरायला लागल्याचं त्याला दिसलं. पण रिपोर्ट आला नव्हता, आणि पाणी पिताना, भाकरी मोडताना, तो विचार होताच.

रिपोर्ट आला तो दुपारी, समताच्या मोबाईलवर. तिनं तो वाचला, लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला, आणि आवाज मोठा करून मोबाईल मधल्या दारात धरला. "तिला होऊन गेल्यात," डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "पुष्कळ पूर्वी. चांगलं संरक्षण आहे. बाळालाही भीती नाही. आता बसा एकत्र." इंद्रभान रडला. त्यानं ते लपवलं नाही. बाप आठवला, आई आठवली, आणि मग जरा सावरल्यावर एक गोष्ट लक्षात येऊन तो चपापला: इतके दिवस आपण मनोमन एकच मागत होतो, आपली लेक लहानपणी आजारी पडलेली असो. आणि ती पडली होती. तिच्याही कण्याजवळ तो झोपलेला असणार, जसा आपल्या होता. केव्हा आला? त्यानं तारखा जुळवायचा प्रयत्न केला नाही, त्या आपोआप जुळल्या. संघपालच्या अंगावर फोड दिसले त्याच्या आधीच तिला लागण झालेली असणार. पाठवायला उशीर झालेला होता. जनकाला हे कळायला हवं होतं, पण आई आणि आरोग्यसेविका एकाच वेळी होणं तिलाही जमलं नसेल. "तू जाताना घेऊनच गेली होती," तो समताला म्हणाला. "फोड तिकडं निघाले. जळगावले. अन् भिमाबाईनं सांगतलं नाही आम्हाले." आणि हे बोलताना त्याला ते आठवलं जे त्यानं शोधलंच नव्हतं. संघपाल बरा झाल्यावर, बऱ्याच दिवसांनी, भिमाबाई पोरीला घेऊन आल्या होत्या. पोरगी बारीक झालेली. जनका म्हणाली होती, वहिनी, लेकराले खाऊ घातलं नाही का? आणि भिमाबाई खाली मान घालून चहा पीत राहिल्या होत्या. जनकाला इकडे एका लेकराचं पुरे होतं, तिला आणखी घोर नको म्हणून बोलल्या नसतील. किंवा लोकांचं मूल आपल्या घरी आजारी पडलं याची धास्ती घेतली असेल. आता कळायचं नाही.

समता मोबाईल मांडीवर ठेवून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि त्याखाली आणखी काहीतरी चाललं होतं.

"मामीनं मले मागच्या खोलीत निजवलं होतं," ती म्हणाली. "खिडकी लावून. गल्लीतल्या पोरी आल्या का दारातूनच हाकले. फोड मले आठवत नाहीत, बाबा. हात बांधलेले आठवतात. तिच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं, खाटेले. मी रडे, तं ती बी बाजूले बसून रडे, पण सोडे नाही."

"खाजवू नाही म्हून," इंद्रभान म्हणाला.

"हाव. ते आता समजलं." तिनं एक बाही वर सारली. "मले वाटे, आईनं मले हिच्याकडं काऊन देलं. मी हिचं काय केलं. त्याच्यानंतर मी कवाच नाही गेली तिच्याकडं. ती आली का मी सिंधूताईकडं जाऊन बसे. लग्नात तिनं माह्या तोंडावरून हात फिरवला, तं मी तोंड बाजूले केलं. अन् मागल्या साली ती गेली, तुम्ही म्हणले पुण्यानुमोदनाले तरी चाल, मी म्हणली कॉलेजात परीक्षा आहे."

इंद्रभाननं स्टूल बाजूला सरकवलं आणि तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसला. समतानं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या होत्या. ती आपले हात उजेडात धरून आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं बघत होती.

"पाहा ना," ती म्हणाली. "एक डाग राहू देला नाही तिनं."